त्या दिवशी माझ्यात साधं पाणी होतं

मी एक जुना, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. रंग उडाला असेल, एक पट्टा चादरीच्या चिंधीने बांधला असेल, पण अजून मी मक्याच्या शेंड्यापर्यंत पाणी फेकतो. दुकानातल्या चकचकीत पंपांनी आधी तेवढं करून दाखवावं, मग मिरवावं.

उमेदीत माझा फार मान होता. हा आहे म्हणून मका आहे, असं मालकीण चारचौघांत सांगायची आणि मी फुगायचो. दोन वर्षांपूर्वी गोड मक्यावर मावा पडला. मावा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे, रस शोषणारे किडे. मालकिणीच्या मुलाने बघितलं न बघितलं, माझ्यात औषध भरलं आणि सगळं शेत धुऊन काढलं. दहा दिवसांत मावा दुप्पट! कणसं चिकट नि काळी पडली, व्यापारी पाठ फिरवून गेला. खापर फुटलं माझ्यावर. गोठ्याच्या कोपऱ्यात माझ्या पट्ट्यावर कोळ्याने संसार थाटला.

यंदा शेत सुनेने हाती घेतलं. तिचं पहिलंच पीक. तोडणीला आठ दिवस उरले आणि तुऱ्यांवर पुन्हा मावा दिसला. मुलाने मला ओढून बाहेर काढलं. काय सांगू मित्रांनो, माझ्या नळीत जीव आला!

पण सून आडवी आली. तिने स्वयंपाकघरातली पांढरी थाळी आणली आणि शेतात ठिकठिकाणी तुरे तिच्यावर झटकले. थाळीत मावा पडला, शिवाय करड्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्याही पडल्या. मुलगा म्हणाला, ही तर नवीच कीड, आता औषध दुप्पट लागणार.

मालकिणीने चष्मा चढवला आणि थाळीवर वाकली ती वाकलीच. एका अळीने मावा तोंडात धरला, फस्त केला आणि दुसऱ्याकडे वळली.

"ही तर जेवायला बसलीय," मालकीण म्हणाली.

सून म्हणाली, "आई, ही त्या लाल, काळ्या ठिपकेवाल्या भुंग्यांची पिल्लं. मागच्या वेळी आपण यांनाच मारलं. मग मावा खाणार कोण?"

मालकीण मुलाकडे वळली. "भरल्या ताटावरून उठवलंस होय रे त्यांना?"

मुलगा कान खाजवत राहिला. मीही मनातून ओशाळलो. मारेकरी मीच होतो ना.

बांधाकडच्या चार ओळींत अळ्या पोचल्या नव्हत्या आणि मावा थापल्यासारखा होता. सुनेने मला तीनदा स्वच्छ धुतलं, साधं पाणी भरलं आणि स्वतः पाठीवर घेतलं. अशी धार मारली मी, की मावा पटापट खाली! बाकीचं शेत तिने अळ्यांवर सोपवलं. रोज सकाळी थाळी घेऊन ती बघून यायची. थाळी रोज थोडी जास्त पांढरी दिसायची.

आठव्या दिवशी व्यापाऱ्याने एक कणीस सोललं, दाणा चावून बघितला आणि गाडी मागे घेतली, भरायला. मालकीण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेचं शेत आहे ते."

आता मी थाळीशेजारी खुंटीवर असतो. मित्रांनो, काम झालं की मला धुऊन ठेवत जा. आणि मला भरण्याआधी एकदा थाळी झटकून बघा. माझं पोट रिकामं राहिलं तरी चालेल, त्या पिल्लांचं राहू नये.