बेंबी जागेवरच आहे

"काही नाही जी, बेंबी सरकली हाय. बोरगावले घेऊन चाललो," भिवाजी म्हणाले आणि सुनेच्या हाताला धरून तिला खाटेवरून उठवायला लागले.

माझं डोकंच फिरलं. सौंसरच्या या दवाखान्यात इमर्जन्सीला डॉक्टर म्हणून मला दोन वर्षं झाली. या बेंबीनं मला जेवढं छळलंय, तेवढं सापविंचवांनीही नाही. बोरगावचे पुंडलिकराव म्हणे अंगठ्यानं ती जागेवर आणतात. या सुनेचं, प्रणालीचं, पोट काल त्यांनी चोळून दिलं होतंच. आज दुखणं वाढलं, म्हणजे बेंबी पुन्हा सरकली!

प्रणाली पोटाशी उशी घट्ट धरून, पुढे वाकून बसली होती. बाळंत होऊन दोन महिने झालेले. छातीखालची कळ थेट पाठीत जात होती, उलट्या थांबत नव्हत्या, नाडी एकशे वीस. सासऱ्यांच्या मते डिंकाचे लाडू बाधले होते.

ईसीजी चांगला आला. रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य, मात्र नेहमीच्या दहापट होतं, तिप्पट असलं तरी आम्ही सावध होतो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले.

"स्वादुपिंडाला सूज आहे," मी सांगितलं.

"ते तं दारुड्यायले होते! आमची सून दारू पेते का?"

"खड्यांनी झालंय!" मी ओरडलेच. "सलाईन चालू ठेवायचंय, दर तासाला लघवी मोजायचीय. आता हलवलंत तर किडनी बंद पडू शकते, जीव जाऊ शकतो."

"कागद द्या. आमच्या जबाबदारीवर नेतो."

दिला. त्यांनी झोकात सही केली. प्रणालीच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, खाली मान घालून केली.

"आता पेशंटची," मी म्हणाले. "ती शुद्धीवर आहे. तिच्या सहीशिवाय हा कागद रद्दी."

"तिले काय समजते?"

मी कागद तिच्यापुढे धरला. खरं सांगते, भीती वाटत होती. सासऱ्यासमोर तोंड उघडणारी सून मी इथे फारशी पाहिलेली नाही.

तिनं पेन घेतलं, दोन्ही सह्यांवर आडवी रेघ ओढली आणि कागद भिवाजींच्या हातात दिला.

"पोट माह्यं दुखून राहिलं, मामाजी. मी येत नाही. तुमी घरी जा अन् माह्या लेकराले इथं घेऊन या."