तार षड्जाची वाट

पायाच्या अंगठ्याजवळचा तो लाल दिवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पेटलेला होता – म्हणजे पेडल आवाज टिपून घेत होतं – आणि रुपालीला वाटलं, आता नुसता आवंढा गिळला तरी तो आत जाईल आणि हॉलभर पुन्हा पुन्हा ऐकू येईल. भिंगारमधला हा लहानसा हॉल, रविवारची सकाळ, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळखीची माणसं. पहिल्या रांगेत आई, तिसगावहून एसटीने आलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. बाजूला लॅपटॉपमागे सलमान. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती लोकांसमोर गात होती.

गाठ थायरॉइडची होती, साधी निघाली, सगळे म्हणाले सुटलीस… आणि शुद्धीवर आल्यावर ती ‘पाणी’ म्हणायला गेली, तर तोंडातून नुसती हवा आली. आवाजाची एक नस दुखावली होती. “वरचे स्वर परत येतील, किंवा येणार नाहीत,” डॉक्टर म्हणाले होते, “आत्ताच सांगता येत नाही.” मग इतकी वर्षं पहाटे उठून खर्ज लावला तो कशासाठी? बोलावलं की स्वर आला पाहिजे, म्हणूनच ना? आता तो त्याच्या मर्जीने यायचा. सोमवारी यायचा, मंगळवारी नाही. शिकवणीच्या मुलींसमोर ती हल्ली पेटीवरच वाजवून दाखवायची.

सलमान तिच्या जुन्या कार्यक्रमांत कीबोर्डवर असायचा. हे सॉफ्टवेअर त्यानेच आणलं. आपण गायचं, पेडलने टिपायचं, मग कॉम्प्युटर त्याचे तुकडे करून वाजवत राहतो आणि खाली साथीला आपण दिलेल्या स्वरांतले स्वर स्वतः निवडून धरतो. “हे बटण शून्यावर असलं की तुम्ही गाल तेच, त्याच क्रमाने,” तो म्हणाला होता. “वाढवलं, की कुठला तुकडा कधी येईल हे त्यालाही ठाऊक नसतं, मलाही नाही.” तिने ते कायम शून्यावर ठेवलं. घशात एक बेभरवशाचं आहे तेवढं पुरे. पण आज वायरी जोडताना तो म्हणाला, “ताई, थोडं वाढवू?” आणि ती “वाढव” म्हणून गेली. का? खरं सांगायचं तर – काही बिघडलं, तर यंत्रावर ढकलता येईल म्हणून.

तिने षड्ज लावला. गंधार, पंचम… निषादावर रेंगाळली, आई बघतेय, आता वर… आणि तार षड्ज फाटला. एकाच वेळी दोन आवाज निघाले, एक खरा, एक जुन्या कापडासारखा. पायाने सवयीने पेडल दाबलं. दिवा हिरवा झाला. गेलं ते आत.

लगेच ते परतही आलं. फाटलेला षड्ज, हॉलच्या चारही कोपऱ्यांतून. कुणीतरी खुर्ची सरकवली. आईने खाली पाहिलं. पेडल दाबून धरलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं – सलमाननेही मान वर करून डोळ्यांनी विचारलं, पुसू? – आणि रुपालीने पाय उचललाही होता, तेवढ्यात पुन्हा तो तुकडा आला, पण या वेळी खाली कॉम्प्युटरने कोमल धैवत धरला होता. तिने तो तिथे कधीच धरला नसता. त्यावर फाटलेल्या षड्जाची ती चीर अशी बसली, की जणू कुणी ओळखीचं माणूस दारातून वाकून आत येतंय. पुढच्या वेळी खाली पंचम आला, आणि ती पुन्हा नुसतीच कुरूप वाटली. मग ती चीर आलीच नाही. गंधार आला, निषाद आला, मधला श्वासही आला, चीर नाही. रुपालीच्या लक्षात आलं, आपण कान टवकारून उभ्या आहोत. जे पुसायचं होतं, त्याचीच वाट पाहत. मग डोळे मिटून तिने खालच्या सप्तकात दुसरा आवाज भरायला सुरुवात केली, मऊ, त्या न आलेल्या तुकड्याला जागा ठेवून…

टाळ्या झाल्या, फार नाही. कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालून स्टँडकडे चालताना आईने विचारलं,

“ते मदीच फाटत हुतं, ते तू मुद्दाम केलं का गं?”

“नाही आई. फाटलाच.”

“मला आदी लई वंगाळ वाटलं. म्हनलं, लोकं हसतील पोरीला.” आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मग ते यायचं थांबलं, तर मी आपली बगतच बसले. आता यील, मग यील.”

“आणि आलं का?”

“एकदाच आलं नव्हं शेवटी! तुला न्हाई कळलं?”

नव्हतं कळलं. ती तेव्हा गात होती.

समोरून लष्कराचा ट्रक गेला, धूळ उडाली, आईने पदर नाकाला लावला. रुपालीने ओठ मिटूनच षड्ज धरला, कुणाला ऐकू येणार नाही इतका. गंधार, पंचम, निषाद… आणि तिथे थांबली. पुढचा येईल की नाही, ठाऊक नव्हतं. पण रोजची ती भीती आज नव्हती; आता यील, मग यील… तिने श्वास घेतला.