क्रीम रंगाचा साचा

मी एक जुना मफिनचा साचा आहे. बारा खळग्यांचा, पत्र्याचा, एका कोपऱ्यात वाकलेला. मित्रांनो, आता मला तुम्ही ओळखणार नाही, कारण मला क्रीम रंग फासलाय. कुणी आणि का, ते सांगतो. सांगताना थोडा चिडेन. चालवून घ्या.

कारखान्यात एका दणक्यात माझा जन्म झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॅनडातल्या थंडर बे गावात हेल्वी नावाच्या फिनिश बाईनं मला विकत आणलं आणि तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. हेल्वी वेलचीचे गोड पाव करायची. लोणी लावायची, कणकेचे गोळे टाकायची, भट्टीत ढकलायची. मी तापायचो, काळा पडायचो. काळा पडलो म्हणून तिनं मला कधी नावं ठेवली नाहीत. उलट शेजारणीला सांगायची, "नव्या साच्यात पाव चिकटतात गं. हा बघ कसा मुरलाय."

तिची एकुलती एक मुलगी कार्ला. ही कार्ला लक्षात ठेवा.

कार्ला चार-पाच वर्षांची असताना मला उचलून अंगणात न्यायची. एका खळग्यात चिखल, दुसऱ्यात खडे, तिसऱ्यात मेलेला भुंगा. थंडीत पाणी भरून पायरीवर ठेवायची आणि सकाळी बर्फाच्या बारा वाट्या काढायची. एकदा तिनं मला जिन्यावरून घसरगुंडीसारखं सोडलं. हा कोपरा तेव्हाच वाकला. हेल्वी खिडकीतून ओरडायची, "कार्ला, माझा साचा!" तेवढंच. पुढे पाव करायचे तर ती मला घासून घ्यायची आणि करायची. कुणी कार्लाला "शिकवत" नव्हतं. ती शिकत होती, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. म्हणून तर शिकली.

मग कार्ला मोठी झाली आणि शहाणी झाली. हे शहाणपण फार वाईट.

तिला मुलगी झाली, साइमा. कार्लानं घरात एक खोली तयार केली. भिंत क्रीम. कपाट क्रीम. खेळणी लाकडाची, गुळगुळीत, न रंगवलेली, जणू दवाखान्यातली. तांदळाला व्हिनेगर आणि खाण्याचा रंग लावून वाळवायची आणि इंद्रधनुष्यासारखे पट्टे लावून ट्रेमध्ये भरायची. मग फोटो. फोटो इंटरनेटवर टाकायचा आणि खाली लिहायचं, "मुलांना मुक्तपणे हात घालू द्या." वर हजारो लोकांची वाहवा.

आणि साइमा? ती कोपऱ्यात उभी.

"थांब हं राणी, फोटो होऊ दे."

"आत्ता नको, सावली पडतेय तुझी."

"अगं, निळा हिरव्यात गेला ना! आता मला सगळं वेगळं करावं लागणार."

खरंच वेगळं करायची ती. मी पाहिलंय. धडधाकट बाई चिमट्यानं तांदळाचे दाणे निवडत बसायची, पुढच्या फोटोसाठी. हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा. मला तर किळस आली.

मला तिनं आईच्या कपाटातून न विचारता उचललं. "जुनं, देखणं" म्हणाली. मग फवाऱ्यानं रंग मारला. इतक्या वर्षांची मुरवण एका दुपारी गेली. आता मी भट्टीत जाऊ शकत नाही. रंगाचा धूर होईल. पाव करणारा साचा होतो, रंगीत तांदळाची वाटी झालो.

पण माझं सोडा. साइमाचं ऐका. ती चार वर्षांची पोर प्रत्येक गोष्टीला आधी विचारू लागली. लापशीच्या वाटीत चमचा बुडवायचा तरी, "आई, हात लावू?" पहिला बर्फ पडला. सगळ्या गल्लीतली पोरं त्यात लोळत होती आणि ही पायरीवर उभी राहून आजीला विचारते, "मुम्मू, याला हात लावू?"

हेल्वी म्हणाली, "बर्फ कुणाच्या बापाचा नाही गं बाई. लाव."

तिनं एक बोट लावलं आणि पुसून टाकलं.  हेल्वीचा उतरलेला चेहरा मी खिडकीतून पाहिला. पुढच्या सप्टेंबरात पोरगी शाळेत जाणार होती. हात न लावणारी पोर शाळेत काय करणार?

मग तो शनिवार. कार्लानं आपल्यासारख्या तीन आया बोलावल्या, मुलांसकट. मध्ये ट्रे, ट्रेमध्ये मी, माझ्या प्रत्येक खळग्यात वेगळ्या रंगाचा तांदूळ. आयांनी फोन काढले.

"जरा डावीकडे घे."

"माझ्या डेक्लनचा हात दिसू दे, पण लावू नकोस रे, नुसता जवळ ने!"

मुलं चार. चारही मुलं ओळीत उभी, हात पाठीमागे. एकालाही सांगावं लागलं नाही. चारही घरांत हाच नियम! खेळायला आलेली पोरं अशी उभी, जशी कुणाच्या मयताला आलीत.

दारात हेल्वी आली. पाव करायला मला मागायला आली होती. आधी माझ्याकडे पाहिलं.

"हे काय केलंस कार्ला? पत्र्याला पुट्टी फासलीस?"

"आई, आत्ता नको ना. फोटो चाललाय."

"तो तर जन्मभर चाललाय."

हेल्वीनं मला उचललं आणि ट्रेमध्ये उपडं केलं. सगळे रंग एक झाले. एका आईनं किंकाळी फोडली. मुलं मात्र जागची हलली नाहीत.

साइमानं वर पाहिलं. "आई, फोटो झाला?"

कार्ला फोन धरून एक झालेल्या रंगांकडे बघत राहिली.

"झाला असेल तर हात लावू?"

"विचारू नकोस गं," कार्ला कशीबशी म्हणाली.

"मग तू रागावशील."

 कार्लानं फोन ट्रेच्या कडेला ठेवला, खाली बसली आणि मनगटापर्यंत दोन्ही हात तांदळात घातले.

साइमा घाबरून म्हणाली, "आई, बिघडलं!"

"बिघडू दे."

आधी एक बोट, मग पंजा, मग अख्खी साइमा. डेक्लननं मूठभर तांदूळ स्वतःच्या डोक्यावर ओतला. त्याची आई "अरे, अरे" करत राहिली आणि शेवटी हसली.

कार्ला सुधारली असं समजू नका. थोड्या वेळानं तिचा हात सवयीनं फोन शोधू लागला. फोन नव्हता.

"साइमा, फोन कुठाय?"

साइमा तांदूळ थोपटत होती. "नाही सांगणार."

हेल्वी म्हणाली, "ओला फोन तांदळात ठेवतात म्हणे. कोरडाही ठेवायला हरकत नाही."

मित्रांनो, मुलाला खेळायला बसवलंत तर स्वतःचे हात मळवा. मळवायचे नसतील तर बाजूला व्हा. सुंदर ट्रे तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही, एवढं तरी स्वतःशी कबूल करा. आणि माझ्यासारख्या जुन्या भांड्याला रंग फासू नका. आम्हाला वापरा, वाकवा, घासा. जपणं म्हणजे तेच.

साइमानं मग मला सरळ केलं आणि एकेक खळगा भरत गेली. एक काठोकाठ भरला, तांदूळ सांडला, थेट गालिच्यावर. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही. पुढचा खळगा भरायला घेतला.