सुई शून्यावर येईना

सुई थरथरली, उजवीकडे गेली आणि तिथंच राहिली. दुर्गेश्वरीनं मीटर ब्रिजच्या तारेवर टेकवायची जॉकी पुढं सरकवली, मागं सरकवली – पुन्हा उजवीकडेच, डावीकडे एकदाही नाही. म्हणजे शून्य मिळणारच नव्हतं... शेजारच्या टेबलावर आकडे लिहूनही झाले होते, आणि प्रॅक्टिकल घ्यायला बाहेरगावाहून आलेले परीक्षक एकेका टेबलाशी थांबत इकडेच येत होते.

गेल्या वर्षी अशा वेळी तिचे डोळे आपोआप शेजारणीच्या कागदाकडे वळायचे. अकरावीच्या सहामाहीत ती फिजिक्समध्ये नापास झाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "सायन्स जमून नाही राहिलं त सोडून दे. आर्ट्सले नाव टाकू." सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं. मग गावातच, केशोरीत, शिकवणी घेणाऱ्या राखीताईंनी तिला आपल्या ओसरीवर बसवलं आणि फिजिक्स नव्हे, आठवीचे अपूर्णांक काढले. केवढी लाज वाटली होती! तरी ती रोज संध्याकाळी गेली – धानाच्या रोवणीच्या दिवसांत पायांचा चिखल धुऊनसुद्धा – आणि राखीताई उत्तर कधीच सांगायच्या नाहीत. "कुठं अडलीस, तेवढं दाखव," म्हणून गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याचा किती राग यायचा तिला...

सुई एकाच बाजूला जाते. म्हणजे कुठल्या तरी एका वाटेनं वीज जातच नाही. तिची बोटं एकेक जोडणी चाचपत गेली, न घाबरता, जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत. डावीकडचा स्क्रू सैल होता. तारेचं काळं पडलेलं टोक तिनं काचकागदानं घासलं, स्क्रू आवळला, जॉकी टेकवली – सुई डावीकडे, सरकवली – उजवीकडे, आणि मधे... शून्य! तिला ओरडावंसं वाटलं.

"बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटरच्या जागा बदलल्या तर?" परीक्षक शेजारी येऊन उभे होते.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली, आणि आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "पण आकृती काढली तर सांगता येईल."

ते हसले, की नुसतेच पुढं गेले?

प्रॅक्टिकल आटोपून ती आली तेव्हा अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर बाबा मोटरसायकल घेऊन उभे होते.

"जमलं का वो?"

"एक उत्तर नाही आलं."

"मंग हासून काऊन राहिली?"

ती मागं बसली. निकाल अजून कुठल्या कुठं होता... रस्त्याकडेच्या धान कापलेल्या बांध्या मागं पळत होत्या, आणि मनातल्या मनात ती तारा सोडवत होती, पुन्हा जोडत होती – परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर इतक्यात सापडू नये, रस्ता अजून थोडा लांबावा, असं काहीसं तिला वाटत होतं.