शालिकरामांची सुट्टी

महागूनं सायकलच्या कॅरियरवरून पाण्याची मोटर उतरवली आणि थेट शालिकरामांच्या पायाशी ठेवली.

"काकाजी, जळली वाटते. धानाले पाणी नाही. आज सांजलोक दुरुस्त होईल काय?"

टेबलामागे हातात स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन मंजू उभी होती. बालाघाटच्या आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकून आलेली, कटंगीच्या बसस्टँडसमोर स्वतःचं दुकान थाटलेली मंजू. पण महागूला ती जणू दिसलीच नाही. दिसले ते तिचे बाबा, शालिकराम. सगळ्यांना तेच दिसत. दारातली खुर्ची, पांढऱ्याशुभ्र मिशा, उकव्याच्या खाणीत नोकरी करून कमावलेला भारदस्त आवाज. खरं सांगायचं तर शालिकरामांना घरातला बल्बसुद्धा धड बदलता येत नसे! पण पोरीच्या दुकानात पुरुषमाणूस दिसला की गिऱ्हाईक बिचकत नाही, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येत.

गिऱ्हाईक बिचकत नसेच. ते शालिकरामांना खोदून खोदून विचारी, त्यांचं "हौ, पाहू" ऐकी, यांना यातलं काही कळत नाही हे ओळखी आणि मोटर उचलून तिकडच्या दुकानात न्यायला तुमसरच्या बसमध्ये चढवी. मंजूच्या वाट्याला आले होते पंखे आणि एक मिक्सर. मोटर अजून एकही नाही. अशानं दुकान किती दिवस टिकणार, हे तिला कळत होतं. पण बाबांना घरी बसा असं म्हणायचं तरी कसं? रोज सकाळी त्यांची खुर्ची पुसून तीच दारात मांडायची.

"आतली तार जळली असंन," मंजू म्हणाली. "खोलून पाहते."

महागूनं मान डोलावली, पण शालिकरामांकडे बघत.

"हात तुम्ही लावसान नं, काकाजी? नाही तं बस येऊनच राह्यली."

शालिकरामांच्या ओठांवर 'हौ' आलंच होतं. तेवढ्यात त्यांची नजर मंजूवर गेली. हातातला पेचकस तिनं आवाज न करता टेबलावर ठेवून दिला होता.

शालिकराम उठले. सदरा नीट केला. टेबलासमोर जाऊन, खाणीत साहेबापुढे उभे राहत तसे, हात मागे बांधून उभे राहिले.

"मॅडम, थोडी सुट्टी पाहिजे होती. चहा प्यायले जाऊ काय?"

मंजू बघतच राहिली. तिला आधी हसू आलं, आणि मग तिनं टेबलावरचा पेचकस पुन्हा उचलला.

"जा," ती म्हणाली. "पण लवकर नका येऊ."

रस्त्यापलीकडे फकिराची चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर शालिकराम दुकानाकडे पाठ करून बसले. तुमसरची बस आली, हॉर्न वाजवत थांबली, गेली. त्यांनी बशीवरून नजर उचलली नाही.

"काय काकाजी," फकिरानं डिवचलं, "पोरीले एकटीले सोडून मजेत चहा? तिकडं गिऱ्हाईक उभं आहे तुमचं."

"अजून आहे?"

"हौ नं. मोटर टेबलावर चढवली त्यानं. पोरगी काही दाखवून राह्यली, तो वाकून वाकून पाहून राह्यला."

शालिकरामांनी मान वळवली नाही. रिकामा कप पुढे केला आणि आणखी एक चहा सांगितला.