वाल्व्हवरची कडी

मकसूद मुंबईच्या तंत्रशाळेत यंत्रशास्त्राच्या पेपरात दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा का झाला ते त्याला कळलं नाही. तपासलेले पेपर परत द्यायची तिथे रीत नव्हती. तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कापायची रीत मात्र होती. म्हणून एकोणीसशे तेहेतीसच्या उन्हाळी सुट्टीत पोरगा म्हसळ्याला घरी आला तो ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त कोंबून. परीक्षा जूनच्या सात तारखेला होती.

आणि त्याला शिकवायला बसलं कोण? तर त्याचा चाचा करमअली! करमअलीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि हिशेब सगळा बोटांवर. पण बारा वर्षं त्याने मोठ्या आगबोटींच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालणारा तेलवाला म्हणून काढली होती. वाफेचं आणि वजनाचं आपल्याला कळत नाही तर मग कोणाला कळतं, असा त्याचा रोकडा सवाल होता. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की चाचा-पुतणे ओट्यावर चटई टाकून बसत. मकसूद एकेक गणित वाचून मराठीत सांगे, करमअली डोळे मिटून ऐकून घेई, आणि मग तंटा सुरू होई.

पुस्तकात एक शिडी होती, ती गुळगुळीत भिंतीला टेकवलेली. भिंतीला घर्षण नाही असं समजा, असं पुस्तक सांगत होतं. करमअलीने पहिल्यांदा भिंत कोणाची ते विचारलं, मग शिडी लावणाऱ्याचं नाव विचारलं, आणि शेवटी असल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्याचीच चूक आहे असा निकाल दिला. दुसऱ्या गणितात तापलेला लोखंडाचा गोळा पाण्यात टाकला होता आणि भांड्याबाहेर उष्णता मुळीच जात नाही असं समजायचं होतं. उष्णता बाहेर जात नसेल तर आपण बारा वर्षं कशात भाजून निघालो, एवढंच करमअलीने विचारलं.

एक गणित मात्र त्याने पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. माल भरलेली होडी समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरली तर किती बुडेल? चार बोटं, करमअली म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. मकसूदने पाऊण तास घालवून गणित केलं. उत्तर तीन इंच आलं. करमअलीने आपली चार बोटं चटईवर आडवी ठेवली आणि पट्टी आण म्हणाला.

त्यांनी केलेलं बरोबर की चूक हे ताडून बघायची सोय नव्हती. पुस्तक जुनं होतं आणि उत्तरांची शेवटची सोळा पानं वाळवीने खाल्ली होती. वाळवीलासुद्धा नेमकी तीच पानं गोड लागावीत, काय म्हणावं!

पण करमअली रोज ओट्यावर येऊन बसत होता तो काही शिडीसाठी नाही. पहिल्याच दिवशी पुस्तक चाळताना त्याला एकशे त्रेचाळिसाव्या पानावर एक चित्र दिसलं होतं. अक्षर वाचता येत नसलं तरी चित्र त्याने लगेच ओळखलं. बॉयलरच्या माथ्यावरचा सेफ्टी वाल्व्ह, त्याच्यावरून गेलेला लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या खाचेत अडकवलेलं वजन. आतली वाफ वजनाला भारी झाली की वाल्व्ह उचलला जातो आणि वाफ बाहेर पडते. म्हणजे किती वाफेला वाल्व्ह उचलेल, ते गणिताने काढता येत होतं. करमअलीला सतरा वर्षं तोच एक आकडा हवा होता. मधली एकशे बेचाळीस पानं तो नुसती वाट बघत होता.

सतरा वर्षांपूर्वी खाडीत म्हसळा ते दिघी 'मुबारक' नावाची वाफेची लाँच चालायची. तिचा इंजिन ड्रायव्हर मोहम्मद, म्हणजे मकसूदचा बाप. करमअली त्याचा धाकटा भाऊ, आणि त्याच लाँचवर तेलवाला. एका दुपारी ओहोटी लागली होती, लाँच भरली होती, लग्नाचं वऱ्हाड आरडाओरडा करत होतं, आणि वाल्व्ह सारखा फुसफुसून वाफ सोडत होता. मोहम्मद धक्क्यावर नमाजला उभा होता. करमअलीने सात पौंडांची एक लोखंडी कडी उचलली आणि दांड्याच्या टोकाला अडकवून दिली. फुसफुस बंद झाली. मोहम्मद खाली आला तेव्हा ते सांगायचं राहून गेलं. अर्ध्या तासाने भर खाडीत, करमअली वर डेकवर चहा पीत असताना खाली बॉयलर फुटला. मोहम्मद गेला, आणि त्याच्याबरोबर भट्टीत कोळसा टाकणारा आगवालाही गेला.

चौकशीला साहेब आला. प्लेट जुनी होती, तो म्हणाला, पण वाफेच्या शंभर पौंड दाबापर्यंत तग धरायला हवी होती. मग वाफ किती होती? दाबाच्या घड्याळाचा काटा त्या मोसमात अडकून बसलेला होता, आणि वाल्व्ह दांड्यासकट खाडीच्या तळाशी. साहेबाने करमअलीला विचारलं. वजन नेहमीच्या खाचेत होतं, करमअली म्हणाला. ते खोटं नव्हतं. कडीचं त्याने सांगितलं नाही. साहेबाने ड्रायव्हरचा निष्काळजीपणा असं लिहिलं आणि तो निघून गेला.

तेव्हापासून मोहल्ल्यात मकसूदची आई जुलेखा ही निष्काळजी ड्रायव्हरची बायको होती. समोरच्या घरातली सफुरा, मेलेल्या आगवाल्याची बायको, सतरा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दोघींच्या दारांमध्ये पंधरा पावलं नसतील. करमअली बोटीवर गेला, पगार जुलेखाला पाठवत राहिला, परत आला, आणि रोज तीच दोन दारं बघत राहिला. कदाचित प्लेटच कुजकी असेल. कदाचित सात पौंडांनी काहीच झालं नसेल. शंभराच्या आत आलं तर मी सुटलो, असं तो मनाशी म्हणे. वर गेलं तर काय, ते म्हणत नसे.

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एकशे त्रेचाळिसावं पान आलं. मकसूदने पेन्सिलीला टोक काढलं. पुस्तकातले आकडे राहू दे, करमअली म्हणाला, मी सांगतो ते घाल. दांडा ज्यावर फिरतो त्या खिळीपासून वाल्व्ह तीन इंचांवर. वाल्व्हचा व्यास दोन इंच. वजन अठ्ठावीस पौंड, सत्तावीस इंचांवर. आणि दांड्याच्या टोकाला, बत्तीस इंचांवर, सात पौंडांची कडी. हे आकडे त्याने एकदाही न अडखळता सांगितले. मकसूदला वाटलं, चाचाला कुठलीशी आगबोट आठवली असेल.

पोराने लिहिलं, गुणलं, भागलं. करमअली पेन्सिलीकडे बघत होता.

"सव्वीस पौंड," मकसूद म्हणाला.

सव्वीस! शंभराच्या कुठल्या कुठे! करमअलीला इतकं हलकं वाटलं की त्याने भिंतीला डोकं टेकलं. म्हणजे कडीने काहीच झालं नव्हतं. सतरा वर्षं तो उगाच झुरला होता. त्याला हसूसुद्धा आलं.

पण बारा वर्षं इंजिनखोलीत काढलेलं डोकं ते, गप्प बसेल तर ना. सव्वीस पौंडांत 'मुबारक' धक्क्यावरून हललीसुद्धा नसती. सव्वीस पौंडांत तिची शिट्टीही धड वाजत नसे. कडी काढून कर बरं, त्याने सांगितलं, नुसतं वजन ठेव. मकसूदने केलं. उत्तर वीस आलं. आणि नुसत्या वजनावर तो वाल्व्ह ऐंशीला उचलायचा, हे करमअलीने दाबाचं घड्याळ चालू असतानाच्या काळात रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ऐंशीच्या जागी वीस. पोरगा चौपट चुकला होता.

मग सव्वीसची चौपट किती, हे बोटांवर काढायला वेळ लागत नाही. करमअलीने काढली. मग पुन्हा काढली. एकशे चार.

मकसूद पान उलटायला निघाला होता. उलटू दिलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? साहेब गेला, लाँच गेली, वहीत सव्वीस लिहिलेलं होतं. आणि जूनच्या सात तारखेला पोराने हेच असंच लिहिलं असतं आणि त्याचं नाव कापलं गेलं असतं. मोहम्मदचाच पोरगा हा. करमअलीने वहीवर हात ठेवला.

"चूक हाय," तो म्हणाला. "चौपट चूक हाय. हा वाल्व्ह मी बघितलेला हाय."

मकसूद वाद घालायला लागला. वाल्व्हचं क्षेत्रफळ त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या सूत्रानेच काढलं होतं. दाखव, करमअली म्हणाला. मकसूदने पान काढलं, वाचलं, आणि वाचता वाचता त्याचं तोंड उघडं राहिलं. त्रिज्या लिहायच्या जागी त्याने व्यास लिहिला होता. तंत्रशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात, घाईत. आणि तेव्हापासून प्रत्येक नळ, प्रत्येक दट्ट्या, प्रत्येक वाल्व्ह त्याने चौपट मोठा धरला होता.

पोरगा चटईवरून उठून नाचायचाच काय तो बाकी राहिला. आपण दोनदा कशाने नापास झालो ते सापडलं होतं! त्याने गणित पुन्हा केलं आणि एकशे चार असं मोठ्याने वाचून खाली दोन रेघा मारल्या. आवाज ऐकून जुलेखा बाहेर आली. चूक सापडली, आता पास होणार, चाचाने शोधली, असं मकसूदने तिला एका दमात सांगितलं. जुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. बापामागे तुम्हीच याचे बाप झालात, ती करमअलीला म्हणाली, अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो.

हे करमअलीला सोसवलं नाही. शिव्या चालल्या असत्या.

"भाभी, हे गणित पुस्तकातलं न्हाय," तो म्हणाला. "हा 'मुबारक'चा वाल्व्ह हाय. ती कडी मी अडकवली होती. भाईला ठाऊक नव्हतं."

करमअली मान खाली घालून तिच्या बोलण्याची वाट बघत होता, पण ती मुलाकडे वळली.

"कडी नसती तर किती?"

मकसूदने वहीत पाहिलं. "ऐंशी."

"ऐंशीला फुटला असता?"

"न्हाय," करमअली म्हणाला. "साहेब शंभर म्हणाला होता."

जुलेखाने मुलाला तो ऐंशीचा आकडा आणखी एकदा म्हणायला लावला. मग तिने पदर डोक्यावर घेतला, मकसूदचं मनगट धरलं, वहीसकट त्याला ओट्यावरून खाली उतरवलं आणि सतरा वर्षांत न ओलांडलेली ती पंधरा पावलं ओलांडून सफुराच्या दाराची कडी वाजवली.

दार उघडलं. जुलेखाने मुलाला पुढे केलं आणि पहिल्यापासून सांग म्हणाली. करमअलीला ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. खिळीपासून वाल्व्ह तीन इंच, वजन अठ्ठावीस पौंड, पोरगा एकेक आकडा नीट सांगत होता. सफुराला त्यातलं काय कळलं असेल, कोण जाणे. पण सात पौंडांच्या कडीपाशी तिने त्याला थांबवलं.

"ती कोणी अडकवली?"

मकसूदने वळून ओट्याकडे पाहिलं. करमअली उठला. चपला शोधत न बसता तो तसाच अनवाणी खाली उतरला आणि हे उत्तर पोराला द्यावं लागू नये म्हणून भरभर समोर गेला.