ओलं लाकूड

कागद अडकला. बिडीच्या बंडलावरचा पातळ गुलाबी कागद... त्याची पट्टी करून पिराजींनी ती बंदुकीची नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्यामधून ओढत आणली होती. ती सरळ सरकत आली आणि इथं, उजव्या अंगाला, जागीच थांबली. मागं घेतली, पुन्हा सरकवली, पुन्हा तिथंच. म्हणजे एवढंसं लाकूड फुगून लोखंडाला टेकलंय, नळीला डावीकडे रेटतंय, आणि मी इतके पावसाळे स्वतःच्या हाताला दोष देत बसलोय—

पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाचा हात हलतो, असं राजेश्वर गावात कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. पण परवा भुईमुगात शिरलेलं रानडुक्कर समोर तोंड करून उभं असताना गोळी वीतभर डावीकडे जाऊन बांधात घुसली, तेव्हा अंकुश, त्यांचा मुलगा, हळूच म्हणाला होता की बंदूक आता माझ्या नावावर करून घेऊ. प्रेमानं म्हणाला आणि ते प्रेमच जास्त झोंबलं. आज संध्याकाळी पुन्हा रानात बसायचं होतं. आसपास राखणीच्या उंच माळ्यांवर गावातली माणसं असणार, अशा ठिकाणी स्वतःच्या हाताची खात्री नसलेल्यानं बंदूक घेऊन जाऊ नये एवढं पलटणीनं शिकवलं होतं. हात की बंदूक, हे आजच कळायला हवं होतं.

त्यांनी पेचकस घेऊन लाकूड सुटं केलं. बाटलीच्या फुटक्या काचेनं ती फुगलेली जागा खरवडायला घेतली — अगदी हलक्या हातानं, पोराच्या डोक्यावरची खपली काढावी तशी. ओलसर, काळपट भुस्सा पडत राहिला. मधूनच नळी बसवायची, कागद ओढून बघायचा, पुन्हा खरवडायचं. शेवटी कागद कुठंही न अडता पार निघून गेला. तेव्हा त्यांनी पेच आवळले, भुस्सा उगाचच कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि तळ्याच्या पाळीकडे निघाले.

पाळीला टेकवलेल्या फळीवर चुन्याचा ठिपका होता. त्याच्या डावीकडे, परवा डुक्कर चुकल्यावर झाडून बघितलेल्या गोळ्यांची भोकं, नापास पोरांसारखी एकत्र उभी. पिराजी पालथे पडले, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. ठिपक्यात. दुसरी त्याला लागून. तिसरं भोक दिसेना म्हणून फळीजवळ जाऊन पाहिलं, तर ते दुसऱ्यातच मिसळलं होतं. त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. चिमूटभर भुस्सा काढला तर हे असं होतं? एवढी मोठी पोलादी नळी, आणि ती ओल्या लाकडाच्या नुसत्या टेकण्यानं वाट बदलते... हात माझा आहे. अजून माझा आहे. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले, आणि पाळीवर कुणी नव्हतं म्हणून त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

घरी येऊन ओसरीवर बसले. खरवडलेल्या जागेला जवसाचं तेल पाजायचं होतं, म्हणजे लाकूड पुन्हा पाणी पिणार नाही. लाकूड काढलं तेव्हा नळीच्या उजव्या अंगावरची खूण नजरेत आली. घासून घासून काळा रंग उडालेला, खालचं लोखंड जुन्या रुपयासारखं झिजलेलं. ही एका पावसाळ्याची खूण नव्हे. म्हणूनच उन्हाळ्यात गोळी सरळ जायची आणि पावसाळ्यात डावीकडे. दरवर्षी. बंदूक घेतली त्या सालापासून—

त्या साली भादव्यात पावसाची झड लागली होती. लांडगा आला होता. गावातल्या भागाबाईंची चार वर्षांची पोर मुगाच्या रानात बांधावर बसलेली, आणि लांडग्यानं तिच्या परकराचा काठ तोंडात धरून ओढायला सुरुवात केली होती... पिराजींनी गुडघा टेकून गोळी झाडली. लांडगा जागच्या जागी पडला. पिराजींच्या बाजूनं बघता पोर त्याच्या उजवीकडे, वीतभरावर, रडायचंही विसरून बसली होती. गावानं मिरवणूक काढली. पुढं भागाबाई म्हणाल्या, ही तुमचीच आहे, आणि तीच पोर, महानंदा, सून होऊन या घरात आली. आता ती आत भाकरी थापत होती; थाप थाप थाप.

झडीत भिजलेली बंदूक वीतभर डावीकडे मारत होती.

लांडगा डावीकडे होता.

पिराजींचा हात तेलाच्या वाटीवर थांबला. नेम लांडग्यावर असता तर गोळी त्याच्याही डावीकडून निघून गेली असती. म्हणजे नेम... ते आठवू लागले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीच्या पलीकडचं खरं चित्र दिसलं. लांडगा नव्हताच त्यात. होता तो पोरीचा चेहरा, उघडं तोंड. पलटणीत हवालदार ओरडायचा की डोळा जिकडं जाईल तिकडं नळी जाते. माझा डोळा तिच्यावर होता. तिला काही होऊ नये म्हणून मी तिच्याकडेच बघत होतो, आणि चाप ओढला. आणि एका ओल्या लाकडानं माझी नळी हळूच बाजूला सारली.

अंगावर काटा आला. ही भीती नव्हती. बुद्धवंदनेला सगळे गप्प होतात तेव्हा छातीत जसं होतं, तसं काहीतरी होतं. ज्या खोडीला त्यांनी सकाळपासून शिव्या घातल्या होत्या ती आता खिशात, बिडीच्या कागदात होती.

महानंदा चहा घेऊन बाहेर आली. सासऱ्यांना असं बसलेलं पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

"मामा, असं कामून बसलाव? नीट झाली न्हाई व्हय बंदूक?"

"झाली. बंदूक बरोबर हाय."

"मग मी सांगते ह्यांला, बंदूक मामांपाशीच राहू द्या म्हणून." तिनं चहा खाली ठेवला आणि सहज म्हणाली, "तुमचा हात चुकणारा असता तर मी असते व्हय आज?"

ती आत गेली. पुन्हा थाप थाप सुरू झाली. पिराजींनी तेलात बोट बुडवलं आणि लाकडाच्या त्या पांढऱ्या, नव्यानं उघड्या पडलेल्या जागेवर नेलं. तेल लावलं की झालं. मग ही बंदूक झडीतही सरळ मारील, मी बघेन तिथंच... संध्याकाळी माळ्यांवर माणसं असतील. लाकडाला न टेकवता वर धरलेल्या बोटावरचा थेंब ओघळून मनगटापर्यंत आला. हात जरासुद्धा हलत नव्हता.